रात्रीचे आकडे कुठे आहेत?

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ,
कल्पतरू पॉइंट, शीव, मुंबई

महोदय,

चंद्रपुरात तुकुमपासून दुर्गापूर-ऊर्जानगरपर्यंत कुठल्याही पानठेल्यावर उभे राहा, एक वाक्य कानावर येतेच: "रात्री सोडतात." कोण सोडते आणि काय सोडते, हे इथे कुणाला विचारावे लागत नाही. थर्मलच्या, म्हणजे इथल्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या, चिमण्यांतून दिवसा निघतो त्याहून जास्त धूर अंधारात बाहेर पडतो, असा लोकांचा समज आहे. त्यांच्यापाशी पुरावा म्हणाल तर उन्हाळ्यात गच्चीवर टाकलेल्या अंथरुणावर सकाळी बोटाला लागणारी भुकटी आणि कूलरच्या काळ्या पडलेल्या ताट्या. न्यायालयात हा पुरावा टिकणार नाही, हे मला कळते. म्हणून मी आरोप करत नाही, विचारतो आहे. हा समज खरा की खोटा, हे सांगणारी यंत्रे चिमण्यांवर बसलेली आहेत आणि त्यांचे आकडे आपल्याकडे येतात. मग आपण आजवर खरे काय ते सांगून का टाकले नाही?

या यंत्रांची हकिगत आपल्याला मी सांगावी असे नाही, पण हे पत्र इतरही वाचतील. ५ फेब्रुवारी २०१४ रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषणकारी उद्योगांच्या सतरा वर्गांना चिमण्यांवर आणि सांडपाण्याच्या तोंडाशी अखंड मोजणी करणारी यंत्रे बसवण्याचा आदेश दिला. औष्णिक वीज, सिमेंट, कागद, लोह-पोलाद हे सगळे त्या सतरांत येतात. म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याची ओळख ज्यांच्यावर उभी आहे ते जवळपास सगळे उद्योग आले. यंत्राने मोजायचे, आकडा तारेवरून थेट मंडळाकडे जायचा, मध्ये माणसाचा हात नको, अशी ती कल्पना होती. निरीक्षकाने आधी कळवून यावे आणि तो येईपर्यंत सगळे झाडूनपुसून ठेवावे, हा जुना खेळ त्यामुळे संपेल असे आम्हाला वाटले होते.

२२ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण सुरक्षा समितीच्या खटल्यात त्यापुढचे पाऊल टाकले. उत्सर्जनाचे हे अखंड आकडे राज्य मंडळांनी आपापल्या पोर्टलवर जनतेसमोर ठेवावेत, असे न्यायालयाने सांगितले. जनतेसमोर ठेवणे याचा अर्थ आपण काय घेता? जाणकाराला शोधून सापडेल अशा कोपऱ्यात आकडा असला की आदेश पाळला गेला, असा? दुर्गापूरच्या एखाद्या आईला, काल रात्री दोन वाजता कोणत्या संचाची चिमणी किती धूळ आणि किती सल्फर डायऑक्साइड सोडत होती, हे मराठीत, एका पानावर, मर्यादेच्या रेषेसह पाहता येते का? गेल्या महिन्यातल्या, गेल्या वर्षातल्या रात्री तिला शेजारी ठेवता येतात का? येत असतील तर पत्ता सांगा, मी स्वतः तो गावभर चिकटवतो.

आमच्यापर्यंत पोहोचते ती सरासरी. हवेचा निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. समजा, रात्रीचे आठ तास हवेत पीएम १० चे प्रमाण घनमीटरला २२० मायक्रोग्रॅम राहिले आणि उरलेले सोळा तास ७०. सरासरी येते १२०. निर्देशांकाच्या तक्त्यात ही हवा 'मध्यम' ठरते, पिवळ्या चौकटीत बसते आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कुठल्याशा कोपऱ्यात छापली जाते. ज्या आठ तासांत लोक झोपले होते, दम्याचा रुग्ण उठून बसला होता, त्या तासांचा त्या पिवळ्या चौकटीत मागमूस राहत नाही. केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावरून केंद्रनिहाय तासातासाचे आकडे उतरवून घेता येतात, हे मला ठाऊक आहे. इंग्रजी येणाऱ्या, संगणक असलेल्या आणि वेळ असलेल्या माणसाला ते जमते. पण ते आकडे हवेचे असतात, चिमणीचे नव्हेत. दोन्ही एका कागदावर मांडून त्यांचा अर्थ लावणे हे काम नागरिकाचे आहे की आपले?

आपले अधिकारी यावर काय म्हणतील, याचा अंदाज आहे. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड होते, वरची त्यामानाने उबदार राहते, धूर वर चढू शकत नाही आणि कारखान्याने काहीही जादा सोडले नाही तरी रात्री आकडा वाढतो. हे शास्त्र बरोबर आहे. पण त्याचमुळे माझा प्रश्न आणखी टोकदार होतो. रात्रीची वाढ हवामानाची की चिमणीची, हे ओळखायचे तर हवेचा आकडा, चिमणीचा आकडा आणि वाऱ्याची दिशा हे तिन्ही एकाच वेळचे हवेत. वाऱ्याचा वेग आणि दिशा अखंड निरीक्षण केंद्रावरच नोंदली जाते. चिमणीचा आकडा आपल्याकडे येतो. तिन्ही हाताशी असताना हा ताळा मांडून आपण गावापुढे ठेवला असता, तर "रात्री सोडतात" हे वाक्य एक तर कायमचे बंद झाले असते, नाहीतर कुणाला तरी त्याचे उत्तर द्यावे लागले असते. यांपैकी आपल्याला अडचणीचे कोणते वाटते?

आता जुन्या वचनांकडे येतो. २००९ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला. चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद यांच्या पाठोपाठ आमचा देशात चौथा क्रमांक आला. सत्तरच्या वर गेले की क्षेत्र 'अतिप्रदूषित' ठरते. जानेवारी २०१० मध्ये केंद्राने अशा ४३ क्षेत्रांत नव्या उद्योगांना आणि विस्ताराला तात्पुरती बंदी घातली. चंद्रपूरसाठी कृती आराखडा आपल्याच मंडळाने तयार केला. त्याच दशकात, २०१६ मध्ये, महाऔष्णिक केंद्राचे पाचशे-पाचशे मेगावॅटचे दोन संच सुरू झाले. मंजुरी केव्हाची होती आणि कोणत्या कलमाखाली बसत होती, हे आपण कागद काढून दाखवाल, आणि ते कागद चोख असतील याची मला खात्री आहे. फुप्फुसांना मात्र मंजुरीची तारीख कळत नाही. २०१८ च्या फेरमोजणीत चंद्रपूरचे गुण ७६.४१ भरले. म्हणजे आराखड्यानंतर आठ वर्षांनीही आम्ही सत्तरच्या वरच. त्या आराखड्यातले कोणते काम झाले, कोणते राहिले, राहिले ते कुणामुळे, याचा जाहीर हिशेब आपण चंद्रपुरात येऊन कधी दिलात?

आज महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. पूर्ण भाराने चालले तर दिवसाला चाळीस हजार टनांहून अधिक कोळसा जळतो असा साधा हिशेब निघतो, आणि आपल्याकडच्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के. ही वीज मुंबई-पुण्याला लागते, तिच्याविषयी कुणाची तक्रार नाही. तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्राने औष्णिक केंद्रांसाठी उत्सर्जनाच्या नव्या मर्यादा जाहीर केल्या आणि दोन वर्षांची मुदत दिली. २०१७ चे २०२२ झाले. मग केंद्रांचे तीन वर्ग पाडले गेले. अतिप्रदूषित क्षेत्रापासून किंवा मानके न पाळणाऱ्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आतली केंद्रे 'ब' वर्गात गेली. चंद्रपूर दोन्ही अर्थांनी तिथलेच. त्यानंतर मुदती पुन्हा पुढे सरकत डिसेंबर २०२४ मध्ये 'ब' वर्गासाठी २०२८ वर जाऊन पोहोचल्या. आणि जुलै २०२५ मध्ये सल्फर काढणारी यंत्रणा बसवायची की नाही, हे 'ब' वर्गाच्या बाबतीत प्रत्येक केंद्रापुरते वेगळे ठरवू, असे नवे फर्मान निघाले. दहा वर्षे ज्याची वाट पाहिली तो नियमच आता विचाराधीन झाला.

हे सगळे दिल्लीने केले, आमच्या हातात काही नाही, असे आपण म्हणू शकत नाही. हवा कायद्याच्या १७ व्या कलमाने उत्सर्जनाची मानके ठरवण्याचा अधिकार राज्य मंडळालाही दिला आहे. उद्योगाला संमतीपत्र आपण देता, त्यातल्या अटी आपण घालता, बँक हमी आपण घेता, आणि ३१ अ कलमाखाली उद्योग बंद करण्याचा, त्याचे वीज-पाणी तोडण्याचा आदेशही आपणच देऊ शकता. चंद्रपूरच्या बाबतीत 'ब' वर्गाचा निर्णय होईल तेव्हा महाराष्ट्राच्या मंडळाचे मत काय असेल? सल्फर डायऑक्साइड हवेत गेल्यावर वाटेत त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात आणि ते पीएम २.५ मध्ये मिसळतात, हे आपल्या शास्त्रज्ञांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. ते मत आपण लेखी देणार का, आणि दिले तर आम्हाला वाचायला मिळणार का?

मोजणी कुठे होते, हाही प्रश्न आहेच. हवेचा दर्जा अखंड नोंदवणारे चंद्रपूरचे एक केंद्र चौहान कॉलनीच्या नावाने केंद्रीय यादीत दिसते. शहरात केंद्र हवेच. पण ज्या चिमण्यांविषयी गाव बोलते त्या दुर्गापूर-ऊर्जानगरकडे आहेत, आणि त्या ग्रामपंचायती महापालिकेच्या हद्दीबाहेर पडतात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम मात्र शहर धरून चालतो. शहराची सरासरी, शहराचा आराखडा, शहराला निधी. धूर हद्द पाहून थांबत असता तर ही व्यवस्था ठीक होती.

घुग्घुसचे काय? एका बाजूला कोळसा खाणी, एका बाजूला सिमेंट, स्पंज आयर्नचा कारखाना, आणि मधून वाहणारा डंपरांचा रस्ता. पडोलीच्या चौकात सकाळी उभे राहिले तर घुग्घुसकडून येणाऱ्या हायवांची रांग दिसते, ताडपत्री कुठे बांधलेली, कुठे नुसतीच फडफडणारी. शाळेत निघालेली मुले त्याच धुळीतून सायकली मारतात. या पट्ट्यात हाताने नमुने घेण्याची जुनी केंद्रे आहेत. त्या पद्धतीत आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षाला १०४ दिवस, गाळणीच्या कागदावर धूळ गोळा करून प्रयोगशाळेत वजन करतात. पद्धत चुकीची नाही, पण उरलेल्या २६१ दिवसांचे काय? डंपर तर तीनशे पासष्ट दिवस चालतात. आणि नमुन्याचे वार ज्याला आधी कळू शकतात, त्याच्यासाठी ही मोजणी किती अवघड परीक्षा आहे? रहदारीचे प्रदूषण मोजायचे तर यंत्र रस्त्याच्या कडेला लागते आणि उद्योगाचे मोजायचे तर वारा जिकडे वाहतो त्या वस्तीत. घुग्घुस, ताडाळी, बल्लारपूर, राजुरा, गडचांदूर यांपैकी कुठे, कोणत्या महिन्यापर्यंत अखंड केंद्र उभे राहील, हे तारखेसह सांगा. नसेल उभारायचे तर तसेही सांगा.

जानेवारी २०१९ मध्ये स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा २०२४ पर्यंत धूलिकण वीस ते तीस टक्क्यांनी कमी करू, असे उद्दिष्ट होते. पुढे ते वाढवून २०२५-२६ पर्यंत चाळीस टक्के केले. पैशाचे मोजमाप मात्र पीएम १० वर, म्हणजे मोठ्या कणांवर. साहजिकच रस्ते झाडणारी यंत्रे आणि पाण्याचे फवारे आले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२४ मध्ये देशभरातल्या या खर्चाचा हिशेब मांडला. ६४ टक्के पैसा रस्त्याच्या धुळीवर गेला, उद्योगांचे प्रदूषण आवरण्यावर गेला ०.६१ टक्के. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात हा आकडा वाचताना हसावे की काय करावे कळत नाही. चिमणी तशीच ठेवायची आणि तिच्याखालचा रस्ता झाडायचा, या योजनेवर आपल्या मंडळातल्या कुणीच हरकत घेतली नाही का?

ऑनलाइन आकड्यावरून कारवाई करता येत नाही, हवा कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे घेतलेला नमुनाच पुरावा ठरतो, असे उत्तर या विषयात नेहमी मिळते. मान्य. पण त्या कलमात नमुना घ्यायच्या हेतूची नोटीस त्याच जागी, त्याच वेळी द्यायची आहे. आठवडाभर आधी पत्र पाठवायची सक्ती कुठेच नाही. यंत्राने रात्री दोनला मर्यादा ओलांडल्याचे दाखवले, तर आपले पथक तीन वाजता फाटकावर का असू नये? आपले प्रादेशिक कार्यालय चंद्रपुरातच आहे, ऊर्जानगर तिथून काही मुंबईइतके लांब नाही. आणि यंत्रच सदोष आहे, त्याचे आकडे भरवशाचे नाहीत, असे कुणी म्हणत असेल, तर २०१४ पासून आपण सगळे नेमके काय मोजतो आहोत?

दंडाची धारही बोथट झाली. एके काळी संमतीच्या अटी मोडल्या तर किमान दीड आणि कमाल सहा वर्षे तुरुंगवासाची तरतूद होती. तो कुणी भोगला का, हा प्रश्न वेगळा. 'जनविश्वास' कायद्याने ती गेली आणि १ एप्रिल २०२४ पासून तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला. हजारो मेगावॅट वीज विकणाऱ्याला पंधरा लाख म्हणजे काय, हे आपण जाणता. शिक्षा सौम्य करायची तर लोकांना दिसणारी मोजणी तरी कडक हवी. इथे दोन्ही सैल.

आणि महाराष्ट्राला हे जमत नाही असेही नाही. २०११ मध्ये केंद्राने धूलिकणांच्या उत्सर्जन-व्यापाराचा प्रयोग जाहीर केला तेव्हा गुजरात, तामिळनाडू यांच्याबरोबर महाराष्ट्राचे नाव होते. चिमणीवरच्या अखंड मोजणीवरच तो सगळा व्यवहार उभा होता. सुरतेच्या कापड गिरण्यांत तो २०१९ मध्ये प्रत्यक्ष सुरू झाला आणि उत्सर्जन घटले. ५ जून २०१७ रोजी आपल्या मंडळाने उद्योगांना एक ते पाच तारे देण्याची योजना वाजतगाजत आणली, चिमणीच्या धुळीवरून. घोषणा करण्यात आपण कधी मागे नव्हता.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची हवा बिघडली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, बांधकामांना नियमावली लागली, रस्ते धुतले गेले, मुख्यमंत्री पहाटे रस्त्यावर उतरले. चांगलेच झाले, मुंबईकरही माणसेच आहेत. मुंबईत दोन डझनांहून जास्त अखंड केंद्रे आहेत, त्यामुळे तिथे हवा बिघडली की वर्तमानपत्राला तासाभरात कळते. विदर्भाच्या टोकाला हवा बिघडते तेव्हा ती आधी कुणाला तरी मोजावी लागते.

एक शेवटची गोष्ट. चिमणीवरचा आकडा मर्यादेबाहेर गेला की यंत्रणेतून आपोआप एसएमएस निघतो. तो उद्योगाला जातो, केंद्रीय मंडळाला जातो आणि राज्य मंडळालाही येतो. म्हणजे त्या क्षणी ज्याने धूर सोडला त्याला कळते आणि ज्याने आवरायचा त्यालाही कळते. ज्याच्या छातीत तो जातो त्याच्यासाठी तेवढा निरोप नसतो.

माझी मागणी त्यामुळे फार मोठी नाही. गेल्या बारा महिन्यांत महाऔष्णिक केंद्राच्या प्रत्येक चिमणीबद्दल, आणि जिल्ह्यातल्या सिमेंट, कागद व स्पंज आयर्नच्या कारखान्यांबद्दल, असे किती एसएमएस आपल्याकडे आले? त्यांपैकी किती रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतले? प्रत्येकानंतर कुणी, किती वाजता, काय केले? यंत्र बंद पडले किंवा आकडाच आला नाही असे तास किती, आणि तेही बहुतेक रात्रीचेच आहेत का? हे चंद्रपूरच्या प्रादेशिक कार्यालयाबाहेरच्या फलकावर मराठीत लावा आणि दर महिन्याच्या पाच तारखेला नवे लावत जा. फलकाखाली अधिकाऱ्याचे नाव आणि सही असू द्या. आणि तो एसएमएस ज्या यादीवर जातो, तिच्यात दुर्गापूर, ऊर्जानगर आणि घुग्घुसमधल्या ज्यांना हवे त्यांचे नंबर कधीपासून घालणार, ते कळवा.

आपला,
एक चंद्रपूरकर
तुकुम, चंद्रपूर